‘मिस्टिक रिव्हर’ : एका मौनाची रहस्यकथा

रहस्यकथा म्हटली की मराठी वाचकास बाबूराव अर्नाळकर आठवतात. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा आमच्या वडिलांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचल्या आणि आमच्या पिढीने वडिलांचा डोळा चुकवून वाचल्या. त्या कथांत प्रश्न एकच असे : गुन्हा कोणी केला? शेवटच्या पानावर उत्तर मिळे, गुन्हेगार पकडला जाई आणि वाचक निर्धास्तपणे झोपी जाई. अमेरिकन लेखक डेनिस लेहेन यांची ‘मिस्टिक रिव्हर’ ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर आधारलेला त्याच नावाचा चित्रपट क्लिंट ईस्टवूड यांनी २००३ साली पडद्यावर आणला. यातही खून आहे, पोलीस तपास आहे आणि खुनी कोण याचे उत्तर शेवटी मिळतेही. पण ते मिळाल्यावर झोप लागत नाही. कारण तोवर आपल्या ध्यानात आलेले असते की खरा प्रश्न निराळाच होता : कोणाला काय ठाऊक होते, आणि ते गप्प का राहिले?

धर्मगुरूने असल्या कलाकृतीवर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो अगदीच अनाठायी नाही. चित्रपटात शिवीगाळ आहे, रक्तपात आहे. मुलांना शेजारी बसवून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. तथापि यातील माणसे आपल्याला परकी नाहीत. ती कॅथलिक आहेत. त्यांच्या घरांत क्रूस आहेत, त्यांची मुले प्रथम कम्युनियनला पांढरे कपडे घालून जातात, त्यांच्या वस्तीचे जीवन चर्चभोवती फिरते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंड सोडून आलेल्या हजारो कुटुंबांनी बोस्टन शहरात अशा वस्त्या उभ्या केल्या. लेहेन हे स्वतः बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात १९६५ साली आयरिश स्थलांतरित आईबापांच्या पोटी जन्मले. कादंबरीतील ‘ईस्ट बकिंगहॅम’ ही वस्ती काल्पनिक असली तरी तिच्या भिंतींचा ओलावा त्यांनी लहानपणापासून अनुभवलेला आहे. म्हणूनच ही गोष्ट आपल्या घरची वाटते, आणि म्हणूनच ती झोंबते.

कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. त्यात रहस्य फुटणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

१९७५ साल. जिमी मार्कस, शॉन डिव्हाइन आणि डेव्ह बॉयल हे तीन मुलगे रस्त्यावर असतात. चित्रपटात ते ओल्या सिमेंटमध्ये काडीने आपली नावे कोरीत आहेत. एक मोटार थांबते. आतून उतरलेला माणूस पोलीस असल्याची बतावणी करतो, मुलांना दरडावतो आणि ज्याचे घर त्या रस्त्यावर नाही त्या डेव्हला गाडीत बसवून नेतो. चार दिवस त्या मुलाला एका तळघरात डांबून त्याच्यावर अत्याचार होतात. चौथ्या दिवशी तो निसटतो व घरी येतो. सिमेंटमध्ये त्याचे नाव अर्धेच राहिलेले असते.

पंचवीस वर्षांनी तिघे तीन वाटांनी गेलेले दिसतात. जिमी तुरुंगवास भोगून आलेला, आता दुकानदार. शॉन पोलिसांत गुप्तहेर. डेव्ह विवाहित, एका मुलाचा बाप, अबोल आणि वाकलेल्या खांद्यांचा. जिमीच्या धाकट्या मुलीच्या प्रथम कम्युनियनच्या आदल्या रात्री त्याची एकोणीस वर्षांची थोरली मुलगी केटी हिचा खून होतो. त्याच रात्री डेव्ह रक्ताने माखलेल्या कपड्यांनिशी घरी येतो आणि पत्नी सेलेस्ट हिला काहीतरी सांगतो. ते तिला पटत नाही. संशय तिला पोखरतो. अखेरीस ती तो संशय पोलिसांना नव्हे, जिमीला सांगते. जिमी डेव्हला मिस्टिक नदीच्या काठी नेऊन ठार मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉन सांगतो की खरे खुनी सापडले आहेत. ती दोन कोवळी पोरे आहेत. त्या रात्री डेव्हने मारले होते ते दुसऱ्याच एका माणसाला, एका मुलाचे लैंगिक शोषण करताना त्याने ज्याला पाहिले त्याला.

हे सारे मौनाच्या धाग्यावर किती काळजीपूर्वक विणले आहे ते पाहण्याजोगे आहे.

पहिले मौन डेव्हचे. टिम रॉबिन्स या नटाने ते केवळ शब्दांच्या अभावाने नव्हे तर देहाने दाखविले आहे. उंचापुरा माणूस, पण चालताना कोणाची वाट अडू नये अशा बेताने चालतो. मुलाला शाळेत पोहोचवतो, त्याला बेसबॉल शिकवतो, आणि त्या रस्त्यावरून जाताना क्षणभर थबकतो. तळघरात काय घडले हे त्याने पत्नीलाही सांगितलेले नाही. ज्या रात्री त्याच्या तोंडून त्या दोन नराधमांची नावे निसटतात त्या रात्री सेलेस्टला प्रथमच कळते की आपण कोणासोबत संसार केला हेच आपल्याला ठाऊक नव्हते. तळघरातून जो बाहेर आला तो आपण नव्हतोच, अशा अर्थाचे तो बोलतो. आघाताने मनावर होणाऱ्या या परिणामाला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात नाव दिले ते १९८० साली. १९७५ च्या त्या वस्तीत त्याला नाव नव्हते. मग औषध कोठून असणार?

दुसरे मौन वस्तीचे. हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. डेव्हवर काय गुदरले ते सर्वांना ठाऊक आहे. कादंबरीत तर त्याच्या परत येण्याचा गल्लीत समारंभही होतो. पण सोहळा संपतो आणि शाळेतील मुले त्याची टर उडवू लागतात. चित्रपटात बाहेर जमलेल्यांपैकी एकाच्या तोंडून मोडक्या मालाविषयी बोलावे तसे उद्गार निघतात. म्हणजे येथे गुपित कोणापासूनच गुप्त नाही. त्याविषयी बोलायचे नाही एवढाच करार आहे. सारी वस्ती डेव्हला ओळखते, पण त्याच्याजवळ बसून त्याला काय झाले ते कोणी विचारीत नाही. पुढे संशयाची वेळ येते तेव्हा मात्र हीच वस्ती फार लवकर बोलू लागते. ज्याच्या दुःखाविषयी पंचवीस वर्षे कोणी अवाक्षर काढले नाही, त्याच्या गुन्ह्याविषयी दोन दिवसांत सर्वांची खात्री पटते.

सेलेस्टला आम्ही दोष देत नाही. मार्शा गे हार्डन या अभिनेत्रीने तिची घालमेल इतक्या खरेपणाने रंगविली आहे की तिचा राग येत नाही, कीव येते. पण तिची शोकांतिका लक्षात घेतली पाहिजे. ती अखेर बोलते, आणि बोलणे हे सदैव सत्कृत्य नसते हे आपण तेथे पाहतो. योग्य गोष्ट चुकीच्या माणसाच्या कानी पडली तर तिचाही सुरा होतो.

आता नदीकाठच्या प्रसंगाकडे येऊ. ‘मिस्टिक’ हा शब्द वाचून आमच्यासारख्याला ईश्वराशी एकरूप झालेल्या संतांची आठवण होते. वस्तुतः नदीच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील, भरतीची मोठी नदी अशा अर्थाच्या शब्दाचे ते इंग्रजी रूप आहे. पण लेखकाने त्या नादाचा उपयोग करून घेतला आहे. जिमीच्या लेखी ही नदी पापे धुणारी आहे. पूर्वी त्याने येथेच ‘जस्ट रे’ नावाच्या आपल्या साथीदाराला मारले होते. त्याच काठावर तो डेव्हकडून कबुली मागतो. गुन्हा कबूल कर म्हणजे जगू देईन, असे वचन देतो. आणि डेव्ह, जो त्या खुनाबाबत संपूर्ण निर्दोष आहे, जगण्याच्या आशेने खोटी कबुली देतो. कबुली मिळताच त्याचा जीव घेतला जातो.

हा प्रसंग प्रथम पाहिला तेव्हा आम्ही बराच वेळ सुन्न होतो. प्रायश्चित्तसंस्काराचे इतके भयंकर उलटे चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. संस्कारात मनुष्य स्वखुशीने येतो, येथे त्याला आणले जाते. संस्कारात सत्य सांगितले जाते, येथे असत्य वदवून घेतले जाते. संस्कारात कबुलीच्या शेवटी जीवन आहे, येथे मरण. डेव्हला आयुष्यभर एका ऐकणाऱ्याची गरज होती. तो ऐकणारा त्याला अखेर भेटला, पण हातात शस्त्र घेऊन. आणि त्याला ऐकायचे होते ते डेव्हचे सत्य नव्हते.

जिमीच्या पाठीवर चित्रपटात भला मोठा क्रूस गोंदलेला दिसतो. ‘जस्ट रे’च्या कुटुंबाला तो वर्षानुवर्षे दरमहा पाचशे डॉलर गुपचूप पाठवीत आलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे प्रायश्चित्त वाटेल. पण पश्चात्ताप नाही, कबुली नाही, पुन्हा न करण्याचा निश्चय नाही. मग हे प्रायश्चित्त नव्हे, ही हप्त्यांची परतफेड आहे. शॉनला हे कळते. आता डेव्हच्या विधवेलाही दरमहा पैसे पाठवणार काय, असे तो जिमीला विचारतो. आमच्या मते संपूर्ण कलाकृतीतील सर्वांत कठोर प्रवचन त्या एका प्रश्नात आहे. शॉन पेन यांना जिमीच्या भूमिकेसाठी आणि टिम रॉबिन्स यांना डेव्हच्या भूमिकेसाठी २००४ साली ऑस्कर पारितोषिके मिळाली, ती सार्थ होत.

या अंधारात एकच खिडकी उघडी ठेवलेली आहे. शॉनची पत्नी त्याला सोडून गेली आहे. ती अधूनमधून दूरध्वनी करते आणि काही न बोलता ऐकत राहते. शॉनही मूळ मुद्द्याला हात घालीत नाही. अखेरीस एके दिवशी तो सरळ क्षमा मागतो, आणि तो शब्द ऐकताच पलीकडून आवाज येतो. आपल्या मुलीचे नाव त्याला तेव्हा कळते. काही समीक्षकांस हे उपकथानक जोडकाम वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. सारी माणसे मौनात बुडत असताना एक मनुष्य क्षमा मागतो आणि एक घर वाचते, हे लेखकाने योजूनच तेथे ठेवले आहे.

या गोष्टीचे मूळ फार प्राचीन आहे, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती नव्हे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचकांनी घरी उघडून पाहावा. मिस्सेमध्ये तो आपल्या कानी क्वचितच पडतो. दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचाच सावत्र भाऊ अम्नोन अत्याचार करतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजा संतापतो, पण करीत काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनचा वध करवितो, पुढे राज्यात बंड माजते, रक्ताचे पाट वाहतात. आणि तामार? ती भावाच्या घरी उदासवाणी राहिली, एवढेच सांगून शास्त्र पुढे जाते. तिला पुन्हा कोणी काही विचारल्याची नोंद नाही. पीडिताला गप्प करायचे आणि मग पुरुषांनी सूड घ्यायचा, हा क्रम दावीदाच्या घरात होता तोच ईस्ट बकिंगहॅममध्ये आहे. सूड घेणारा नेहमी म्हणतो की मी हे माझ्या माणसासाठी करतो. पण ज्याच्यासाठी करतो त्याचे ऐकून घ्यायला त्याला सवड नसते.

इतकी स्तुती केल्यावर आमचा आक्षेपही नोंदविला पाहिजे, आणि तो लहान नाही. लेखक व दिग्दर्शक यांनी डेव्हच्या जखमेचा रहस्यासाठी गळाच्या आमिषासारखा उपयोग केला आहे. अंधारात दूरचित्रवाणीवर रक्तपिपासू भुतांचा चित्रपट पाहत बसलेला, लांडग्यांविषयी पुटपुटणारा डेव्ह दाखवून ते प्रेक्षकाला सुचवितात की हाच खुनी असावा. कादंबरीत तर त्याला आपल्याच मनातील वासनांचे भय वाटते असे दाखविले आहे. यातून एक घातक समज बळावतो : ज्याच्यावर अत्याचार झाला तो पुढे स्वतःच अत्याचारी होतो. वस्तुस्थिती अशी आहे की अत्याचाराला बळी पडलेली बहुसंख्य मुले पुढे कोणालाही अपाय करीत नाहीत. ती शिक्षक होतात, परिचारिका होतात, आईबाप होतात, आणि आपले दुःख पोटात घालून रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसतात. अशा माणसाने हा चित्रपट पाहिला तर लोक माझ्याकडेही असेच पाहत असतील काय, असे त्याला वाटू शकेल. लेखकाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो शेवटी आपल्यालाच सापळ्यात पकडतो. डेव्हवर संशय घेतला तो केवळ जिमीने नव्हे. खुर्चीत बसून आम्हीही घेतला होता.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू म्हणून टाळता येणार नाही. मोटारीत पुढच्या आसनावर बसलेला माणूस मागे वळतो तेव्हा त्याच्या बोटातील अंगठीवर क्रूस दिसतो. दिग्दर्शक काही म्हणत नाही, कॅमेरा पुढे जातो. प्रथम आम्हांस राग आला. आपल्या पवित्र चिन्हावर हा शिंतोडा कशाला, असे वाटले. मग इतिहास आठवला. कादंबरी २००१ ची. जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने त्याच शहरातील धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यांवर घातलेले पांघरूण यांची वृत्तमाला सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पदत्याग करावा लागला. चित्रपट त्यानंतर आला. त्या अंगठीवरचा क्रूस ईस्टवूड यांनी मलिन केलेला नाही. तो आधीच मलिन झाला होता, आणि तो आपल्यापैकी काहींनी केला होता. पोलीस असल्याची बतावणी करणारा आणि क्रूस धारण करणारा, म्हणजे ज्यांच्यावर मुलाने विश्वास ठेवावा असे आपण त्याला शिकवतो, त्याच दोन खुणा पाहून डेव्ह गाडीत बसतो.

हे सारे दूरच्या बोस्टनचे, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते. पण आपल्या देशात महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक मोठ्या संख्येने होते. म्हणजे आपल्याकडे बहुधा मोटार येतच नाही. मुलगा ओळखीच्या दारातून आत जातो.

येथे आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी, आम्ही तरुण धर्मगुरू असताना, एक आजी कचेरीत आल्या होत्या. प्रायश्चित्तसंस्कारासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. नातू एका घरी जायला अचानक नकार देऊ लागला आहे, रात्री दचकून उठतो, त्या घरच्या माणसाचे नाव काढले की थरथरतो, असे त्या म्हणाल्या. आम्ही काय सांगितले? पोराला तिकडे पाठवू नका, प्रार्थना करा, आणि बाई, उगाच बभ्रा करू नका, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आजी ‘बरं फादर’ म्हणून उठल्या. त्या मुलाशी आम्ही एकदाही बोललो नाही. आम्ही त्या दिवशी शहाणपणा केला असे आम्हांस वाटले होते. ‘मिस्टिक रिव्हर’ पाहताना ओल्या सिमेंटमधले ते अर्धे नाव पडद्यावर आले आणि ती खुर्ची, ती आजी, तो ‘बरं फादर’ हा शब्द सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. वस्तीचे मौन म्हणून आम्ही वर ज्याचा उल्लेख केला त्यात आमचाही आवाज मिसळलेला होता.

आज असा सल्ला देणे हे केवळ चूक नव्हे, कायद्याचा भंग आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्यानुसार मूल मुलगा असो वा मुलगी, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविली पाहिजे, आणि त्याच कायद्याने मुलाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. म्हणजे बभ्रा होईल ही सबब उरलेली नाही. ख्रिस्तसभेतही दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांवर अशी माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले. संस्कारातील गुप्तता अभंग आहे व राहील. पण ती गुप्तता पापी माणसाला परमेश्वरापाशी येता यावे म्हणून आहे. निरपराध लेकराने दुसऱ्याचे पाप आपल्या छातीवर वाहावे म्हणून नव्हे. दुर्दैवाने जखमी माणसे अनेकदा लाजेलाच पाप समजतात आणि जे त्यांचे नाही त्याची क्षमा मागतात. त्यांना एवढेच सांगायचे असते की, बाळा, हे पाप तुझे नाही. डेव्हला हे वाक्य कोणीही सांगितले नाही.

चित्रपटाच्या शेवटी वस्तीत मिरवणूक निघते. बँड वाजतो, मुले झेंडे हलवतात. जिमी कुटुंबासह पदपथावर उभा आहे. त्याची पत्नी ॲनाबेथ हिने त्याचे कृत्य प्रेमाच्या नावाखाली पदरात घेतलेले आहे. पलीकडे सेलेस्ट गर्दीतून धावत आपल्या मुलाला हाका मारते आहे. तो मिरवणुकीतल्या गाडीवर बसला आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नाही. जिमी व शॉन यांचे पुढे काय होईल ते चित्रपट सांगत नाही. आमचे लक्ष मात्र त्या मुलावरच खिळून राहिले. बापाचे मौन आता त्याच्या वाट्याला आले आहे. सारी वस्ती त्याच्या समोरून वाजतगाजत जात आहे.

आपल्याही सणाच्या मिरवणुकीत असे न हसणारे एखादे मूल असेल. वाचकहो, बँड थांबेपर्यंत वाट पाहू नका. त्याच्यापाशी जा, त्याच्या उंचीइतके खाली बसा, आणि तो बोलेपर्यंत तेथून उठू नका.